शंभराला चार

१० सप्टेंबर, ह्यूस्टन

इडालिया ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून हे केराच्या डब्यात टाकणार असशील तर थांब. हे माझ्याबद्दल नाही, नोएमीबद्दल आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर पोचल्याची खूणसुद्धा उमटत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. सव्वा वर्षापूर्वी मी बोलले ते बोलले, तूही काही कमी बोलली नाहीस. तो विषय आज नको.

नोएमीचा नंबर लागला सत्तेचाळिसावा. सातशे मुलांत सत्तेचाळिसावा! ऐकणाऱ्याला वाटेल, वा, काय पोरगी आहे. पण तू स्वतः शाळेत काउन्सेलर आहेस, तुला काय सांगायचं. शंभरातली वरची सहा कायद्यानेच थेट ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठात जातात. म्हणजे आमच्या शाळेतली बेचाळीस. बेचाळिसाव्यापर्यंत दार सताड उघडं, आणि त्रेचाळिसाव्यापासून पुढच्यांनी निबंध लिहायचे, नाक मुठीत धरून वाट बघायची. आपल्या घरातलं कुणी आजवर ऑस्टिनला शिकायला गेलेलं नाही. तूसुद्धा शिकलीस ती घराजवळच, संध्याकाळचे वर्ग करून. मी तर तेवढंही नाही. मी केकवर क्रीमची फुलं काढते.

आता हे सत्तेचाळीस आले कुठून ते ऐक. तुझ्या गावातल्या शाळेत इंग्रजीतले नव्वद म्हणजे नव्वद आणि गणितातले नव्वद म्हणजे नव्वद. गाणंबजावणं, चित्रकला, खेळ सरासरीत धरतच नाहीत. इथे प्रत्येक वर्गाला वजन आहे. वरच्या पातळीचा वर्ग असेल तर नव्वदच्या पुढे पाच गुण. साधा वर्ग असेल तर नव्वदच्या पुढे चार, मग पुरे शंभर का मिळेनात! आणि धरतात सगळंच. आपलं मेक्सिकन गाणंबजावणं, ते 'मारियाची'चं पथकसुद्धा.

नोएमीला पथकाच्या तासाला दरवर्षी शंभरपैकी शंभर. ते पोटाशी धरायचं हंड्याएवढं गितारोन सबंध शाळेत तिच्याशिवाय कुणाला वाजवता येत नाही. त्या शंभरांचे इथे होतात चार. बाकीच्या पाच-पाचांच्या मधे हे चार येऊन बसतात आणि तिला खाली ओढतात. जी पोरं काहीच वाजवत नाहीत, तो तास मोकळा ठेवून घरी जाऊन लोळतात, त्यांचं केसभरही कमी होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यावर उपाय असतो म्हणे. इथल्या मुरलेल्या आयांना तो पोरं लहान असल्यापासून माहीत असतो. गेल्या वर्षी नोएमीने एक कागद सहीला आणला होता. 'पथकाचे गुण सरासरीत धरू नयेत, ही विनंती.' मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, शंभर मिळतात तुला! शंभर गुण कोण टाकून देतं? आपलं वाजवणं म्हणजे काही नाहीच का यांच्या लेखी?"

ती म्हणाली, "आई, सगळे भरून देतात हा."

"सगळ्यांना शंभर मिळत नाहीत," मी म्हटलं, आणि कागद टराटरा फाडला. कोणत्या आईने सही केली असती, तूच सांग. आता कळलं की तो कागद दिला असता तर पोरगी आज चाळिसावी असती. यंदा भरला तर यंदापुरताच चालतो, मागचे चार ते चारच.

तर काम असं आहे. नववी-दहावी ती तुझ्याच घरी, तुझ्याच शाळेत होती. तिथलं इंग्रजी, भूमिती, जीवशास्त्र सगळं इथे 'साधं' म्हणून नोंदलं गेलंय. बाल्देरास सर जीवशास्त्र किती कठीण शिकवायचे ते तूच सांगायचीस ना? गुणपत्रिकेवर त्या तीन विषयांपुढे 'वरची पातळी' एवढंच वाढवायचं. तुझ्या टेबलावरचं काम आहे. ऑक्टोबर संपताना यादी पुन्हा काढतात आणि तीच विद्यापीठात जाते.

माझ्यासाठी करू नकोस. तिच्यासाठी कर.

नेल्डा


२७ सप्टेंबर

ताई,

चार ओळी! सव्वा वर्षाने उत्तर आलं तर चार ओळी! 'ते वर्ग साधेच होते. नोएमीबरोबर आणखी बावीस मुलं बसत होती, त्यांच्या गुणपत्रिका मी काय करू? मी खोटं लिहिणार नाही. नोएमी नीट जेवते का?'

जेवते. तिची आई अजून जिवंत आहे, जेवायला घालायला.

सचोटी पुरे तुझी. तुझ्या सचोटीवर पोळी भाजून देतं का कुणी? मी इथे कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवतेय तुला काय कल्पना. तिच्या इथल्या काउन्सेलरबाई, मिसेस व्हिटेकर, चारशे पोरं सांभाळतात. मला खुर्ची दिली, हसून म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं फारच छान चाललंय."

मी म्हटलं, "छान चाललंय तर सत्तेचाळिसावी कशी?"

"नंबर म्हणजे सगळं काही नसतं हो."

"बेचाळिसाव्या मुलीच्या आईलाही हेच सांगता का?"

त्यावर त्यांनी मला पाणी विचारलं.

मग मी माझ्या हातातलं होतं ते केलं. नोएमीचं पथक बंद केलं. त्या तासाला आता संख्याशास्त्राचा वरचा वर्ग, पाचवाला. तिला पटलं. लगेच नाही पटलं, पण पटलं. आधी म्हणाली, "आई, फेब्रुवारीत राज्याची स्पर्धा आहे. गितारोन नसेल तर पथक उभंच राहत नाही."

"त्यांनी दुसरं कुणी बघावं."

"दुसरं कुणी नाहीये."

"मग तुला वर्षभर फुकट राबवून घेत होते ते! द्या म्हणावं पाच."

ती हसेल असं वाटलं होतं मला. तिने नुसतं दप्तर उचललं आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी पथकाचे कांतू सर मी कामावर असताना फोन करून म्हणाले, "बाई, एवढं वर्ष राहू द्या तिला. हात जोडतो." माझ्या एका हातात क्रीमची पिशवी, समोर गिऱ्हाईक. मी म्हटलं, "सर, तुमची दोन्ही मुलं कुठे शिकली हो?" ऑस्टिनलाच शिकलीत, मला माहीत होतं.

तेव्हापासून नोएमी माझ्याशी जरा कमी बोलते. म्हणजे बोलत नाही. हो, नाही, ठीक आहे, एवढंच. या वयाच्या पोरी असतात अशा. तुझ्याशी बोलते का गं फोनवर? बोलत असेल तर मला सांगू नकोस काय बोलते ते. म्हणजे, सांग.

नेल्डा


१२ ऑक्टोबर

ताई,

संख्याशास्त्रात पंच्याण्णव आहेत तिला, आणि तरी हिशेब काढला तर पंचेचाळिसावी येते. महिन्याभराच्या गुणांनी तीन वर्षांचं वजन हलत नाही. वरची पोरं आठवीच्या सुट्टीपासून पाच-पाच गोळा करत आलीत. मी कितीही धडका मारल्या तरी मधे तिघं उभी आहेतच, आणि ती काही आजारी पडणार नाहीत. बघ, हे असलं काहीतरी माझ्या मनात यायला लागलंय. काल दुकानात त्यांच्यातल्या एकाची आई वाढदिवसाचा केक सांगायला आली. मी नाव लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, तुझ्या पोराची एक चाचणी बुडू दे, एकच. वेड लागायची पाळी आली आहे मला.

आता जे लिहिणार आहे ते वाचून तू हसशील. हस.

नोएमीला परत ने.

तुझ्या शाळेत तिचा वर्ग सत्तर मुलांचा. सत्तरात सहा टक्के म्हणजे चौघं. तिथे पथक धरत नाहीत, वजन नाही, शंभर म्हणजे शंभरच. दहावीला ती तिथे दुसरी होती. आत्ता आली तरी चौघांत नक्की येईल. मी तुझ्या शाळेत फोन करून विचारलं, नाव न सांगता. आधी दोन वर्षं तिथे काढली असतील तर शेवटच्या वर्षी आलेल्यालाही नंबर देतात म्हणाले. फक्त मूल गावात राहायला हवं, पालकाकडे. म्हणजे तुझ्याकडे. म्हणजे तुझ्या नावाने पालकत्वाचा कागद करून द्यायला हवा.

देते करून. ज्या अंगणातून मी तिला भर रविवारी ओढत आणली, मांस शेगडीवर तसंच टाकून, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिथेच पाठवते. तू तेव्हा म्हणाली होतीस, "नेल्डा, ती इथे पहिली-दुसरी आहे, तिला तिकडे हजारांत नेऊन काय मिळवणार?" मी म्हटलं, मोठी शाळा, मोठी दारं. आणि पुढे जे म्हटलं, तुला मूल नाही म्हणून, ते इथे परत लिहीत नाही. तुझ्या कानात अजून असेलच.

तू जिंकलीस, ताई. लिहून देते. पण तिला घे.

नोएमीला विचारलं. मला वाटलं, रडेल, शेवटचं वर्ष आहे, मैत्रिणी आहेत. ती म्हणाली, "कधी?" आणि मी भांडी धुवून येईपर्यंत बॅग भरून दाराशी ठेवली होती. अजून ती तिथेच आहे. येता-जाता माझा पाय लागतो तिला.

नेल्डा


२० ऑक्टोबर

ताई,

कागद सही-शिक्क्यासह सोबत आहे. शनिवारी दुपारी तिला घेऊन पोचते. मी गाडीतून उतरणार नाही, तू काळजी करू नकोस.

तुझं पत्र वाचलं. 'आण तिला, तिची खोली तशीच आहे. पण एक तुला माहीत असायला हवं. चौथ्या नंबरावर लेतिसियाची शिमेना आहे. नोएमी वर आली की शिमेना पाचवी होते.'

मग? पाचवी होते तर होते. शेजारी आहेत, तू शिमेनाची धर्ममाता आहेस, बाप्तिस्म्याला तूच तिला हातावर घेतलंस, सगळं कबूल. लेतिसियाने आपल्या आईच्या आजारपणात डबे पोचवले, तेही मी विसरले नाही. पण मी काय शिमेनाचं काही चोरतेय? तुमच्याच शाळेचा नियम आहे. इथे माझ्या पोरीच्या डोक्यावर बेचाळीस जण पाय देऊन गेले, तेव्हा त्यांच्या आयांना कुणी पत्र लिहिलं का, की बाई, नोएमी मागे राहतेय?

मी वाईट आहे म्हण. म्हणत आलीसच. पण तुझ्यासमोर दोन पोरी आणि एक खुर्ची असती तर तू कुणाला बसवलं असतंस? धर्माच्या लेकीला की रक्ताच्या भाचीला? खरं सांग. तू 'आण तिला' लिहिलंस, म्हणजे उत्तर तू दिलंच आहेस. मग मला हे कळवलंस कशाला? पापात वाटेकरी हवा म्हणून?

नोएमीला यातलं काही सांगू नकोस. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या आहेत. नियमाने व्हायचं ते होऊ दे, तिच्या कानावर कशाला.

नेल्डा


९ नोव्हेंबर

ताई,

तिसरी! तुझा कागद दुकानातच उघडला आणि मी मोठ्याने ओरडले. मॅनेजर धावत आला, त्याला वाटलं बोट कापलं. त्याला मिठी मारली मी! तिसरी, सत्तरात तिसरी. एक डिसेंबरच्या आत अर्ज गेला की झालं.

एक विचारते. नोएमी फोनवर दोन मिनिटांच्या वर थांबत नाही. परवा मागून भांडणाचा आवाज येत होता, लेतिसियाचाच वाटला. नोएमीला विचारलं तर म्हणाली, "काही नाही, लेतिसिया मावशी त्यांची कढई मागायला आल्या होत्या." कढई मागताना कुणी रडतं का? आणि रविवारी चर्चमधे कुठे बसलात, विचारलं, तर म्हणाली, "मागे. पुढे जागा नव्हती." तुमच्या चर्चमधे कधीपासून जागा कमी पडायला लागली?

जाऊ दे. महिनाभराचा प्रश्न आहे. लोक विसरतात. लेतिसियाला माझा नमस्कार सांगू नकोस, ते वाईट दिसेल.

शुक्रवारी नोएमीला अठरा पूर्ण. सबंध शहराच्या पोरांचे केक मी करते आणि माझ्या पोरीचा तुला करायला सांगतेय. आत अननस घाल, तिला आवडतो. मी आले असते, पण तू बोलावलं नाहीस आणि तिनेही नाही.

नेल्डा


२३ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. पाच वेळा वाचलं. सोमवारी सकाळी ती तुझ्या ऑफिसात आली, शेवटच्या वर्षी आलेल्या मुलांना नंबराच्या बाहेर राहायचा कागद असतो तो मागितला, आणि सही केली. आता नोएमीपुढे नंबरच नाही. शिमेना पुन्हा चौथी.

तुझ्या ऑफिसात, ताई! तुझ्या टेबलावर! पेन कुणाचं होतं? तू म्हणतेस, नियम आहे, मागितला की द्यावाच लागतो. मला फोन करायचा नियम नव्हता? दाराला कडी लावून, "पोरी, वेडी झालीस का," म्हणायचा नियम नव्हता?

मी सोमवारीच रद्द करायला फोन केला असता, तुझं पत्र आधी मिळालं असतं तर. शुक्रवारी केला. तुमच्या त्या ऑफिसातल्या मुलीने नाव विचारलं, शोधलं, आणि म्हणाली, "बाई, विद्यार्थिनीला अठरा पूर्ण झालीत. तुमची सही आता चालत नाही."

मी म्हटलं, "मी तिची आई आहे."

"हो, बाई. पण नाही चालत."

माझ्या सहीने पथक बंद झालं. माझ्या सहीने ती गाव सोडून आली, माझ्या सहीने परत गेली. आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं, तिथे माझी सही चालत नाही.

तू लिहिलंस की ती शिमेनाचं नावसुद्धा बोलली नाही. नुसतं म्हणाली, "मावशी, मला आता कुणी मोजू नका." आणि मग तासाला गेली. तू लिहिलंस, 'नेल्डा, तुला अभिमान वाटायला हवा.'

नाही वाटत. कळलं? लोक म्हणतील, पोरगी किती मोठ्या मनाची. मोठ्या मनाला कुठे प्रवेश मिळतो, सांग मला, मी रांगेत उभी राहते. लेतिसिया तुझ्या दारात कढई भरून मक्याच्या पानात उकडलेले तमाले घेऊन आली असेल. गाव तिच्या गालांवरून हात फिरवत असेल. मला फक्त ती खुर्ची हवी होती. तिला ती मिळावी, एवढंच हवं होतं, आणि ती तिच्या हातात होती, ताई, हातात होती!

शनिवारी मी गाडी काढून तुझ्याकडे यायला निघाले. अर्ध्या वाटेवर, व्हिक्टोरिया गावापर्यंत आले. पेट्रोल भरलं, कॉफी घेतली, आणि गाडीत बसून राहिले. काय म्हणणार होते तिला? रागावणार होते. मग रडणार होते. मग तिने हो, नाही, ठीक आहे म्हटलं असतं. परत फिरले.

अर्जाची तारीख अजून गेलेली नाही. नंबर नसलेल्या मुलांचेही अर्ज घेतात, मी विचारलंय. त्यांना मग सगळं वाचावं लागतं, निबंध, शिफारशी, सगळं. घेतील की नाही देव जाणे, पण घेतात वाचायला. मी कांतू सरांना फोन केला. हो, मीच. म्हटलं, "सर, मी तुमचा अपमान केला होता, तो मनात ठेवा, पण पोरीसाठी शिफारस लिहा." ते म्हणाले, "ती मी सप्टेंबरातच लिहून ठेवली आहे, बाई. कुणी मागितलीच नाही." तुझ्या पत्त्यावर पाठवतायत. ती तिला दे. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर ती वापरणार नाही.

तिला एवढं कर म्हणावं. अर्ज भर म्हणावं. मोजू देत नसशील तर नको, पण वाचू तरी दे. नाहीतर मग मी तिला इथे आणली कशाला आणि तिथे पाठवली कशाला. तिच्या मागे लाग, ताई. तू मागे लागलीस तर ऐकते ती.

अजून एक. त्या अर्जावर एक ओळ असते, पालकाचं नाव. शाळेच्या कागदावर आता तूच आहेस, मी माझ्या हाताने लिहून दिलंय. दोघींपैकी कुणाचंही लिहिलं तरी चालतं, ते मी विचारून घेतलंय. ती भरेल तेव्हा तू शेजारी असशील. तिला काही सुचवू नकोस, काही बोलू नकोस. ती काय लिहिते ते बघ. माझं लिहिलं तर त्याच दिवशी फोन कर, मी कामावर असले तरी उचलेन.

तुझं लिहिलं तर कळवू नकोस.

नेल्डा